वस्तीत काम करायचं मनात आहे? मग आधी हे करा

तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल. बँकेत, शाळेत किंवा एखाद्या कारखान्याच्या हिशेब खात्यात तुम्ही पंधरा-वीस वर्षं काढली असतील. मुलं हाताशी आली आहेत. पगार वेळेवर होतो. तरी हल्ली मनात एक विचार घोळतोय, की आता आपल्या वस्तीसाठी, आजूबाजूच्या माणसांसाठी काहीतरी करावं.

किंवा तुमचं उलट असेल. लग्नानंतर नोकरी सुटली. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण यात वर्षं गेली. मध्ये शिकवण्या घेतल्या. मध्ये दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. काही काळ एका दवाखान्यात बसून पेशंटचे नंबर लावले. आता कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर काय सांगावं ते सुचत नाही.

हे तुम्हा दोघींसाठी लिहिते आहे. घरच्यांनीही वाचलं तर बरं.

मुद्द्याचं आधीच सांगते. जा. जरूर जा. पण उद्याच राजीनामा लिहू नका. आणि आजवरची वर्षं वाया गेली असं तर अजिबात समजू नका.

अनुताई वाघांचं उदाहरण बघा. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य घराच्या मागच्या खोलीत संपायचं. त्या शिकल्या. आधी नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत शिक्षिका झाल्या. मग पुण्याला हुजूरपागेत आल्या. शिकवतानाच पुढचं शिक्षण चालू ठेवलं. १९४५ मध्ये, पस्तिशीला, पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडकांकडे गेल्या. तिथून १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये. बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती.

ताराबाईंची वाटही सरळ नव्हती. जन्म १८९२ चा. लग्न टिकलं नाही, १९२१ मध्ये घटस्फोट झाला. तो काळ डोळ्यांसमोर आणा. राजकोटला महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करायला गेल्या. मग दादरला शिशुविहार काढला. बोर्डीला आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. कोसबाडला गेल्या तेव्हा पासष्ट. ज्या वयात लोक आवराआवर करतात, त्या वयात त्यांनी आदिवासी पाड्यावर नव्याने काम मांडलं.

ही मोठी नावं मुद्दाम घेतली. तुम्ही त्यांच्याएवढं काम करावं म्हणून नाही. कोसबाडला त्यांच्या उपयोगी काय पडलं ते तुम्ही पाहावं म्हणून. खेड्यातल्या शाळेची सवय उपयोगी पडली. दादरच्या बालवर्गात घडलेली साधनं उपयोगी पडली. प्राचार्य असताना शिक्षिका घडवण्याचा अनुभव घेतला होता, तोही उपयोगी पडला. यातलं एकही काम करताना त्यांना कोसबाड दिसत नव्हतं.

म्हणून आता एक वही घ्या. आजवर जे जे काम केलं ते लिहून काढा. पगाराचं लिहा, बिनपगाराचंही लिहा. प्रत्येक कामापुढे लिहा, यातून मला काय करता येऊ लागलं.

फराळाच्या ऑर्डरी घेत होतात? मग मालाचा भाव काढता येतो, उधारी वसूल करता येते, चार बायकांकडून वेळेत काम करून घेता येतं. दवाखान्यात बसत होतात? मग वैतागलेल्या माणसाशी कसं बोलावं ते कळतं. सासूबाईंचं अंथरूण-पांघरूण केलंत? मग आजाऱ्याला कुशीवर वळवणं, औषधांच्या वेळा सांभाळणं येतं. वस्तीत या गोष्टींची सतत गरज लागते. भाषण करणारे पुष्कळ मिळतात. नीट हिशेब लिहिणारी बाई मिळत नाही.

प्रेमाताई पुरव यांचं काम याच जातीचं. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात लहान वयात उतरलेल्या. मुंबईत आल्यावर कामगार संघटनेत काम केलं. गिरणगावात फिरताना त्यांना खाणावळवाल्या बायका दिसल्या. गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या, आणि स्वतः सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत बुडालेल्या. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायकांना कर्ज मिळवून दिलं गेलं. माणसं एकत्र कशी आणायची, मागणी कशी मांडायची, हे संघटनेत शिकलेलंच तर होतं. ते इथे कामाला आलं.

तर वही भरा. सावकाश भरा. आठवेल तसं वाढवत जा.

आता पैशाचं बोलू. हा विषय बायका टाळतात. चांगल्या कामात पैशाचं कसं काढायचं, असं वाटतं. काढा. अगदी आधी काढा.

घरचा महिन्याचा खरा खर्च लिहा. अंदाज नको. किराणा, दूध, वीज, फी, हप्ता, औषधं, लग्नकार्यातला आहेर, गावी जाणं-येणं, सगळं धरा. निदान सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा पडलेला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. घर तुमच्या एकटीच्या पगारावर चालत असेल, तर वर्षभराचा ठेवा. कर्जाचे हप्ते चालू असतील तर आधी त्यांचा विचार करा. दागिने मोडून समाजकार्य करू नका. हे मी फार कळकळीने सांगते आहे.

तुम्ही पगारी नोकरीत असाल तर सोडण्याआधी ऑफिसात चार गोष्टी विचारून घ्या.

ग्रॅच्युइटीसाठी साधारण पाच वर्षं सलग नोकरी लागते. तुमची साडेचार झाली असतील तर थोडं थांबा. नेमका नियम ऑफिसातून कळेल.

प्रॉव्हिडंट फंड लगेच काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर बसू शकतो. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी धरली जाते. तेवढी झाली नसेल तर स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा. पुढे पुन्हा नोकरी लागली तर ही वर्षं त्यात मोजली जातात.

आरोग्य विमा कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर तो जातो. म्हणून स्वतःचा आणि घरच्यांचा विमा नोकरीत असतानाच काढा. मधुमेह, रक्तदाब असं जुनं दुखणं असेल तर नव्या विम्यात त्यासाठी काही काळ थांबावं लागतं. तो काळ नोकरीत असतानाच मोजायला लागू दे. दुखणं लपवून विमा काढू नका. ऐन वेळी दावा नाकारतात.

चौथं म्हणजे अनुभवाचं पत्र. सोडताना भांडून सोडू नका. पत्र घ्या, साहेबांना, सहकाऱ्यांना भेटा, नंबर घेऊन ठेवा. वस्तीतल्या मुलींना पुढे कामाला लावायचं असेल तेव्हा हेच लोक उपयोगी पडतात.

तुम्ही घरीच असाल तर तुम्हाला सोडायला नोकरी नाही, पण गमावण्यासारखं आहेच. तुमचं स्वतःचं बँक खातं आहे का? एकटीच्या नावाचं? नसेल तर या आठवड्यात उघडा. जे काही मिळेल, ते त्या खात्यात येऊ द्या. जाण्या-येण्याचे पैसे नवऱ्याकडे मागून समाजकार्य फार दिवस चालत नाही. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. तेवढी तरी सोय झाली. तरी फाट्यापासून पुढे रिक्षा लागते, फोनचं रिचार्ज लागतं, पाड्यावर गेल्यावर चहाचे पैसे लागतात. हे लिहून ठेवा आणि मागून घ्या.

घरच्यांशी बोलणं याच वेळी करा. पण मोघम बोलू नका. मला समाजासाठी काहीतरी करायचंय, असं म्हणालात तर घरचे मान डोलावतील आणि दुसऱ्या दिवशी डबा कुठाय विचारतील.

नेमकं सांगा. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी दुपारी दोन ते सहा बाहेर असणार आहे. त्या दिवशी संध्याकाळचा कुकर कोण लावणार? आईंची पाचची गोळी कोण देणार? धाकट्याला क्लासहून कोण आणणार? नावं ठरवा. कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा.

आपल्याकडे एक जुनी सवय आहे. बाईने बाहेरचं काम खुशाल करावं, पण घरचं सगळं उरकून. या सवयीने चांगल्या चांगल्या बायका वर्षभरात अंथरुणाला खिळल्या आहेत. पहाटे साडेचारला उठून दोन भाज्या करून वस्तीत जाणं, हे कौतुकाचं नाही. तुमचा मुलगा सोळा वर्षांचा असेल तर त्याला पोळ्या लाटता आल्या पाहिजेत. नवऱ्याला वरण-भात तरी यायला हवा. हे प्रेमाने सांगा, पण सांगा.

घरच्यांनो, तुम्हालाही एक सांगणं आहे. ही बाई आजवर तुमच्या वेळापत्रकावर चालली. आता आठवड्यातले तीन अर्धे दिवस तिच्या वेळापत्रकावर चाला. तिने संध्याकाळी काही सांगायला तोंड उघडलं तर टीव्हीचा आवाज कमी करा.

आता कुठे जायचं?

आधी आपल्याच अंगणाजवळ बघा. नगरपालिकेची शाळा असेल. अंगणवाडी असेल. वाचनालय असेल, जिथे आता कोणी फिरकत नाही. बचत गट असतील. वृद्धांचं विरंगुळा केंद्र असेल. धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईची वस्ती असेल, जिथे तुम्ही दहा वर्षांत एकदाही गेला नाहीत. लांबच्या जिल्ह्यात जाऊन काम करायची ओढ मी समजू शकते. पण सुरुवात अशा ठिकाणी करा, जिथून दिवेलागणीला घरी परत येता येईल.

नोकरीत असाल तर शनिवार-रविवार जा. रजा टाकून सलग आठवडाभर जाऊन बघा. पावसाळ्यात जा, उन्हाळ्यातही जा. एका कार्यक्रमाला जाऊन, हार-तुरे बघून ठरवू नका. तिसऱ्या महिन्यात, कोणी ओळख करून देत नसताना, चिखल तुडवत जावंसं वाटतंय का, ते बघा.

एखाद्या संस्थेत जाणार असाल तर दारातच चौकशी करा. लाजू नका. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? दर वर्षी हिशेब तपासून घेतात का? मागच्या वर्षीचा अहवाल दाखवा म्हणावं. चांगली संस्था आनंदाने दाखवते. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे पाय अडकवू नका.

आणखी विचारा. मला पगार मिळणार की मानधन? फंड कापणार का? सुट्टी किती? लेखी पत्र देणार का? सेवेच्या नावाखाली शिकलेल्या, कामसू बायकांना महिनोन्‌महिने फुकट राबवून घेणं हे सर्रास चालतं, आणि ते चुकीचं आहे. तुम्हाला फुकट काम करायचं असेल तर खुशाल करा. पण ते तुम्ही ठरवा, किती तास ते ठरवा आणि कधीपर्यंत तेही ठरवा. जिथे संचालकांना गाडी आहे आणि वस्तीत फिरणाऱ्या ताईला बसचे पैसे मिळत नाहीत, तिथून निघा.

एक प्रश्न अवघड वाटतो, तरी विचारा. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर तक्रार कुठे करायची? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा सांगतो. संस्था त्यापेक्षा लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तुम्ही बिनपगारी काम करत असलात तरी हा कायदा तुम्हाला लागू आहे. चांगल्या कामाच्या जागी वाईट माणसं नसतात, असं धरून चालू नका.

स्वतःची संस्था काढायची घाई मात्र करू नका. सोसायटी म्हणून नोंदणी करायला किमान सात जण लागतात. मग दर वर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, बैठकींची इतिवृत्तं. यात तुमचे वस्तीतले दिवस जातील. पहिली दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी छताखाली काम करा. तेव्हाही नवी संस्था हवीच असं वाटलं, तर मग काढा.

शिकायला जावं का? जरूर. मुंबई-पुण्यात समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहूनही शिकता येतं. पण शिक्षण पूर्ण होईपर्यंत वस्तीत जाणं थांबवू नका.

वस्तीत पहिल्यांदा जाल तेव्हा काही घेऊन जाऊ नका. खाऊचे पुडे नकोत. जुने कपडे नकोत. वह्यावाटप नको. एकदा वाटणारी बाई म्हणून नाव पडलं की पुढे कोणी तुमच्याशी खरं बोलत नाही.

आधी बसा. नळावर किती वाजता पाणी येतं ते बघा. बायका कामाला कधी निघतात, कधी परततात ते बघा. रेशनचं दुकान कुठे आहे, दारूचा गुत्ता कुठे आहे, संध्याकाळी मुली कुठल्या गल्लीतून जायचं टाळतात, हे कळायलाच काही महिने जातात. ते महिने जाऊ द्या.

बोर्डीला काय झालं ते ऐका. बालवाडी चांगली काढली होती. पण पाड्यावरची मुलं तिथे येईनात. ताराबाई आणि अनुताईंनी पालकांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच उचलून पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९७५ मध्ये देशभर बालविकासाची सरकारी योजना आली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव आहे. कोसबाडला मोठी मुलं गुरं राखायला जात. मग शाळा कुरणात भरली, गुरं चरत असतील तिथे. थोरल्या मुलीच्या कडेवर लहान भावंडं असत, म्हणून ती शाळेत येत नसे. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. या प्रत्येक वेळी बाईंनी आपली वेळ आणि जागा बदलली, मुलांची नाही.

तुम्हीही हेच करा. बायका सकाळी सातला कामाला जातात आणि तुम्ही अकराला मीटिंग ठेवली, तर कोणी येणार नाही. मग घरी येऊन म्हणू नका, की या लोकांना स्वतःचंच भलं कळत नाही. रात्री आठला ठेवा. किंवा रविवारी दुपारी. किंवा पाण्याच्या रांगेतच बोला.

जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्याचं काम सुरू केलं. गावोगावी आधी शिकलेल्या नर्सबाई पाठवून बघितल्या. ते नीट रुजलं नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असं ठरलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येऊन शिकायच्या. बाळंतपण, जुलाब, लसी, मुलांचं वजन. गावातलं आरोग्य त्यांनी सांभाळलं. शिकलेल्या बाईने हे लक्षात ठेवावं. वस्तीतल्या ज्या बाईला तुम्ही मदत करायला निघालात, तीच उद्या ते काम तुमच्याहून चांगलं करेल. पहिल्या दिवसापासून तिला बरोबर घ्या.

म्हसवडचंही तसंच. मुंबईत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर माण तालुक्यातल्या म्हसवडला आल्या. तिथल्या कष्टकरी बायकांना चार पैसे साठवायचे होते, पण एवढ्याशा रकमेसाठी बँक दारात उभी करेना. त्यांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण सभासद बायका अंगठा उठवणाऱ्या होत्या. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. पुन्हा गेल्या. आम्हाला वाचता येत नसलं तरी व्याज तोंडी काढता येतं, हे त्यांनी साहेबांसमोर दाखवून दिलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. चेतनाताईंना कागदपत्रं कळत होती, बायकांना व्यवहार कळत होता. दोन्ही लागलं. तुमच्याकडे कागद वाचायची, अर्ज लिहायची, साहेबासमोर न घाबरता बसायची ताकद असेल, तर ती द्या. व्यवहार त्यांच्याकडून शिका.

पैसा हातात येईल तेव्हा फार जपा. काम मोडतं ते बहुतेक वेळा याच जागी.

वस्तीचा एकही रुपया तुमच्या खात्यात घेऊ नका, एका दिवसासाठीसुद्धा. बचत गट असेल तर गटाच्या नावाचं खातं काढा. सह्या गटातल्या दोघींच्या हव्यात. तुमची सही त्यात नको. गटात साधारण दहा ते वीस बायका असतात. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशेब, ही पाच सूत्रं कोणत्याही गटातली बाई तुम्हाला म्हणून दाखवेल. यातला हिशेब आधी सुटतो. म्हणून दर बैठकीत वही मोठ्याने वाचली गेली पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येतं.

कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका. कितीही जवळची असली तरी. ती बुडाली तर तुमचं घर बुडेल, आणि मैत्रीही.

मुलांबरोबर काम करणार असाल तर फोन बाजूला ठेवा. मुलांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर टाकू नका. त्यांच्या आईला विचारल्याशिवाय तर नाहीच. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर ते पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे. बाईवर घरात मारहाण होत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर. दोन्ही नंबर फोनमध्ये साठवा. अशा वेळी एकट्या तिच्या घरात शिरून नवऱ्याला समजवायला जाऊ नका. दोघी-तिघी जा, किंवा मदत बोलवा. आणि तिने नंतर कोर्टात जायचं की माहेरी जायचं, ते तिला ठरवू द्या. राहायचं तिला आहे.

बाहेर पडताना घरी सांगून जा. कुठल्या वस्तीत, कुणाकडे, किती वाजता परत. बरोबरीच्या बाईचा नंबर घरी चिकटवून ठेवा. शेवटची एसटी कधी आहे ते सकाळीच विचारा.

निवडणुकीच्या दिवसांत जास्त सांभाळा. वस्तीत तुमचं वजन तयार झालं की कोणी तरी साड्या घेऊन येईल, कोणी स्टेजवर बोलावेल. तुम्हाला राजकारणात जायचं असेल तर उघडपणे जा, त्यात वाईट काही नाही. पण बायकांनी तुमच्यावर ठेवलेला विश्वास दुसऱ्याच्या गाडीत भरून देऊ नका.

लोक बोलतील. माहेरचे म्हणतील, एवढी शिकून झोपडपट्टीत कशाला. वस्तीतले म्हणतील, हिला इथे काय मिळतं. दोघांनाही उत्तर देत बसू नका. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जात राहा. पावसातही एकदाही जाणं चुकवलं नाहीत, तर निम्मी तोंडं आपोआप गप्प होतात.

तब्येतीकडे बघा. दुसऱ्यांची दुःखं रोज ऐकून झोप उडते, चिडचिड वाढते, घरच्यांवर राग निघतो. हे होतंच. आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्या दिवशी वस्तीतला फोनही घेऊ नका, जीवनमरणाचा प्रश्न सोडून. बरोबर काम करणारी एक मैत्रीण ठेवा, जिच्यापाशी रडता येईल. रक्त, साखर, थायरॉईड वर्षातून एकदा तपासा. चाळिशी-पन्नाशीच्या बाईने थकव्याला नुसता थकवा समजून सोडून देऊ नये.

दर सहा महिन्यांनी ती वही पुन्हा काढा. पैसे किती उरले बघा. घर कसं चाललंय बघा. ज्या कामासाठी आलात ते होतंय का, की तुम्ही फक्त दौरे आणि मीटिंगा करताय, तेही प्रामाणिकपणे लिहा. वाट पुन्हा वळवावी लागली तर वळवा. बालवाडीसाठी आलात आणि गरज रात्रीच्या अभ्यासिकेची निघाली, तर अभ्यासिका चालवा.

पुन्हा नोकरीकडे जावं लागलं, तरी त्यात कमीपणा नाही. मुलीची फी भरायची असेल, नवऱ्याची नोकरी गेली असेल, तर घर आधी. वस्तीतली बाईही हेच करते, तिला ते बरोबर समजेल. फक्त गुपचूप नाहीशा होऊ नका. बैठकीत सगळ्यांसमोर सांगा. कपाटाच्या किल्ल्या, पासबुक, हजेरीपट, हिशेबाच्या वह्या, अर्जांच्या पोचपावत्या, सरकारी कचेरीत कुणाला भेटायचं त्यांची नावं, हे सगळं पुढे काम बघणाऱ्या ताईच्या हातात द्या. त्या दिवसापर्यंतचा हिशेब वाचून दाखवा आणि त्याखाली दोघींच्या सह्या घ्या. मग निदान महिनाभर, ती म्हणेल त्या वेळी, तिच्या शेजारी बसा.